घास अडकतो, घसा आवळतो: कारण शोधायचा क्रम, सोप्यापासून अवघडापर्यंत

"घशाशी काहीतरी अडकलंय" या तक्रारीवर कोल्हापुरात पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पित्त झालंय. मेडिकलमधून गोळी येते, चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच सुरू होतं. पुष्कळदा ते खरंच पित्त असतं. पण त्याच गोळीवर सहा-सहा महिने निघतात आणि अन्ननलिकेतली गाठ तेवढ्यात वाढून बसते, असंही घडतं. ते टाळायचं तर आधी तक्रार नेमकी कुठल्या जातीची आहे ते ओळखायला हवं.

लक्षणं: चारांपैकी तुमचं कुठलं?

पहिला प्रकार, घशात गोळा असल्यासारखं वाटणं. हे जेवणाच्या मधल्या वेळेत जास्त जाणवतं. नुसता आवंढा गिळला की गोळा लागतो, पण भाकरीचा घास विनातक्रार खाली जातो आणि जेवताना उलट बरं वाटतं. वजन घटत नाही, दुखत नाही. महिनोन्‌महिने कमी-जास्त होत राहतं.

दुसरा प्रकार, घास खरोखरच अडकणं. याचेही दोन पोटप्रकार आहेत. गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागणं, पाणी नाकातून येणं, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, हा दोष तोंड, घसा किंवा त्यांच्या नसांकडचा असतो. गिळल्यावर काही सेकंदांनी गळ्याच्या खाली किंवा छातीच्या मधल्या हाडामागे घास थांबल्यासारखा वाटणं, हा अन्ननलिकेचा दोष. बोट ठेवून दाखवलेल्या जागेवर मात्र पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. अडथळा खाली पोटाजवळ असला तरी तो गळ्याशी जाणवू शकतो.

तिसरा, गिळताना दुखणं. घास जातो, पण टोचत किंवा जळत जातो. इथे जखम, सूज, बुरशी किंवा चिकटून बसलेली गोळी यांचा विचार आधी करायचा.

चौथा, घसा आवळल्यासारखा होणं, खाण्यापिण्याशी संबंध नसताना. हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण त्याचं मूळ घशात नसूही शकतं.

हे असेल तर तपासण्या करत बसू नका, १०८ ला फोन करा

माणसाला बोलता येत नाही, खोकता येत नाही, हात गळ्याशी गेलाय: घास श्वासनलिकेत अडकलाय. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने ५ जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे ५ झटके, आळीपाळीने, अडकलेलं निघेपर्यंत. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. थापांनंतर छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मुळाने दाबायचं.

ओठ, जीभ, चेहरा सुजतोय, अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्यात आणि घसा आवळतोय: ही तीव्र ॲलर्जी आहे. इथे जीव वाचवतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात.

एकाएकी गिळता येईना, तोंड वाकडं, बोलणं जड, एक हात लुळा: पक्षाघात. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. तोपर्यंत पाण्याचा थेंबही पाजू नका.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळता येत नाही: मण्यार चावलेली असू शकते. आपल्या ऊसपट्ट्यात हे विसरून चालत नाही. मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही, त्यामुळे "साप कुठे चावलाय?" या प्रश्नात वेळ जातो. प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. कोल्हापूर शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आहे.

ताप, लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा: टॉन्सिलशेजारी पू झालेला असू शकतो. श्वासाला आवाज येत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

लहान मुलाने घड्याळाची किंवा रिमोटची चपटी बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत गंभीर भाजते.

आणि एक: कुत्र्याच्या चाव्यानंतर काही आठवड्यांनी-महिन्यांनी पाणी समोर आलं की घशात पेटके येऊ लागले, तर तो रेबीज. त्या टप्प्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून लस चाव्याच्या दिवशीच घ्यायची.

यातलं काही नसेल तर पुढचा क्रम शांतपणे घ्या.

१. वही आणि पेन: चार प्रश्न

खर्च शून्य, पण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. आठवडाभर लिहा: कशाने अडकतं, कधी अडकतं, वाढतंय का, वजन किती.

फक्त घट्ट पदार्थ अडकतात, आधी भाकरी, मग भात, मग आमटीत कुस्करलेलंही अडकायला लागलं, असा क्रम असेल तर नळी अरुंद होत चाललीय. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हे झालं असेल, वजनही उतरत असेल, तर कॅन्सर नाही ना हे आधी पाहावं लागतं. इथून थेट आठव्या पायरीवर जा. मधल्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत.

घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडकत असतील तर नळीची हालचाल बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. अन्ननलिकेचं खालचं झाकण सैल होत नाही असा अकॅलेशिया नावाचा आजार असतो. त्यात झोपल्यावर न पचलेलं अन्न तोंडात येतं, ते आंबट नसतं, कारण ते पोटात गेलेलंच नसतं.

अधूनमधूनच अडकतं, विशेषतः घाईत खाल्लेली मटणाची फोड, आणि मधले आठवडे सगळं ठीक, असं असेल तर अन्ननलिकेत कडं किंवा ॲलर्जीची सूज असू शकते. तरुण माणूस, सोबत दमा किंवा सारख्या शिंका, तर ॲलर्जीचा विचार आधी.

संध्याकाळी त्रास वाढतो, चावून चावून जबडा दमतो, पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात: हा मायस्थेनिया, म्हणजे वापरले की स्नायू लवकर दमण्याचा आजार, असू शकतो. घशाच्या दुर्बिणीत यात फारसं काही सापडत नाही. मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे जायचं.

आणि चौथ्या प्रकारासाठी एकच प्रश्न: जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळ्याचा चढ चढताना घसा-जबडा आवळतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत सुटतो का? मग तो घसा नाही, हृदय आहे. पुन्हा चढून खात्री करून घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साधा ईसीजी नॉर्मल आला तरी विषय तिथे मिटत नाही, पुढची तपासणी विचारा. थांबूनही सुटत नसेल, घाम फुटला असेल तर १०८.

२. आरसा, टॉर्च आणि तीन बोटं

उजेडाकडे तोंड करून आरशासमोर बसा. कवळी असेल तर काढून ठेवा.

आपलीच तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारणपणे जायला हवीत. दोनच जात असतील आणि मावा, गुटखा, सुपारीची सवय असेल, तर गालाच्या आतली कातडी ताठ होत चाललीय. गाल आतून पांढुरका दिसतो, बोटाला दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागतात. याची पहिली खूण तोंड कमी उघडण्याच्या बरीच आधी येते: जन्मभर ठेचा खाल्लेल्या माणसाला साधी आमटीसुद्धा तोंडात आग लावते. हा ताठरपणा मागे घशापर्यंत पोचला की गिळणंही जड जातं. दोष मुख्यतः सुपारीचा आहे, त्यामुळे "मी तंबाखू टाकत नाही, नुसता सुपारी खातो" हा बचाव टिकत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ताजी सुपारी घोटून दिलेला मावा तेच नुकसान करतो. ताठ झालेली जागा पूर्ववत होत नाही. सवय सुटली तर पुढचं नुकसान थांबतं आणि तोंडाच्या व्यायामाने, उपचाराने थोडं तोंड उघडतं. यातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दंतवैद्यांकडे दर काही महिन्यांनी दाखवत राहणं भाग आहे.

जिभेवर, टाळूवर दह्यासारखे पांढरे ठिपके, खरडले की खाली लाल: बुरशी. साखर वाढलेली असताना, किंवा दम्याचा पंप ओढून चूळ न भरल्याने होते. पंपानंतर प्रत्येक वेळी खळखळून गुळणी करून थुंकणं हा त्यावरचा अर्धा उपाय. पंप स्पेसर, म्हणजे त्याला जोडायची पोकळ नळी, लावून घेतला तर आणखी बरं. पण या ठिपक्यांसोबत गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी खाली उतरलीय, मग नुसतं तोंडात लावायचं औषध पुरत नाही.

कवळी सैल असेल तर घास नीट चावला जात नाही. शिवाय वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे फोड केवढी आहे, हाड आहे का, हे जिभेला कळत नाही. रविवारच्या मटणाच्या जेवणात फोड अडकते ती बहुधा अशीच. एक-दोन दातांची सुटी कवळी झोपेत किंवा घासाबरोबर गिळली जाते, आणि ॲक्रिलिकची असेल तर साध्या एक्स-रेत दिसत नाही. कवळी सापडत नाहीये आणि घसा दुखतोय, ही जोडी डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता गळा. पाण्याचा घोट तोंडात घ्या, मान किंचित मागे करा आणि आरशात बघत गिळा. घाटीच्या खाली, दोन्ही बाजूंना काही फुगीर वर-खाली सरकताना दिसलं तर ती थायरॉईडची गाठ असू शकते. गिळताना न सरकणारी, बाजूची, टणक गाठ वेगळी, आणि जास्त काळजीची. तोंडातला व्रण, बसलेला आवाज, गळ्यातली गाठ, यांपैकी काहीही तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचंच.

३. औषधांचा डबा

घरातली सगळी औषधं टेबलावर ओता. दोन गोष्टी शोधायच्या.

एक, नळीला चिकटून जखम करणाऱ्या गोळ्या: डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट, लोह, पोटॅशियम, दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. काल रात्री घोटभर पाण्याने गोळी टाकून आडवं झालं आणि आज छातीत टोचतंय, तर दोषी हीच. गोळी बसून, ग्लासभर पाण्याने घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ॲलेन्ड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यानेच, चहाने नाही. गोळी मोठी वाटते म्हणून कुटायच्या आधी फार्मासिस्टला विचारा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असेल तर ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

दोन, बीपीच्या गोळ्या. एनालॅप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे शेवटी "प्रिल" असलेल्या. यांनी काही जणांची जीभ, ओठ, घसा सुजतो. खाज नसते, अंगावर गांध्या नसतात, आणि गोळी वर्षानुवर्षं सोसलेली असली तरी एक दिवस हे होऊ शकतं. त्यामुळे "ही तर मी कधीपासून घेतोय" म्हणून ती यादीतून वगळू नका. सूज एकदा जरी आली असेल तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून बदलून घ्या. श्वास अडत असेल तर आधी रुग्णालय. खोकला हाही याच गोळ्यांचा ओळखीचा त्रास आहे.

सर्दी-ॲलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्या तोंड कोरडं करतात. कोरड्या तोंडातून भडंग किंवा कोरडी भाकरी उतरत नाही, यात नवल नाही. या गोळ्या मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

४. ताट आणि उशी

ही पायरी फक्त पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे घशात गोळा, करपट ढेकरा, सकाळी घसा बसलेला, सारखं खाकरणं. घास खरोखर अडकत असेल त्याने इथे वेळ घालवू नये.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. आपल्याकडे दहाला जेवण, साडेदहाला अंथरूण, आणि ताटात तांबडा-पांढरा. पांढऱ्या रश्श्यातलं खोबऱ्याचं दूध, काजू, मटणाची चरबी पोट हळू रिकामं करतात आणि आडवं झाल्यावर आम्ल वर येतं. तिखट सोडा असा सरसकट सल्ला द्यायची गरज नाही, वेळ बदलली तरी अनेकांचा निम्मा त्रास जातो. मिसळ किंवा कटवडा सकाळीच खा, रात्री नको. चहा दिवसात दोन कपांवर आणा. तंबाखू आणि दारू अन्ननलिकेचं खालचं झाकण सैल करतात.

उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून १५ ते २० सेंटीमीटर उंची द्या. डाव्या कुशीवर झोपलेलं बरं.

खाकरणं थांबवा. खाकरलं की घसा सुजतो, सुजला की पुन्हा अडकल्यासारखं वाटतं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या. चिंता, अपुरी झोप, घरातला ताण यांनी घशाचे स्नायू आखडतात आणि गोळा वाढतो. तो खराच जाणवतो, कुणी सोंग करत नसतं, म्हणून घरच्यांनी "मनाचे खेळ आहेत" म्हणून झटकू नये.

तीन-चार आठवडे हे करून फरक नसेल तर डॉक्टर पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवल्यावर घेतलेली ही गोळी कमी काम करते, आणि "गोळीने फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची चूक हीच असते. चार ते आठ आठवड्यांत आराम पडला नाही तर पाकीट वाढवत नेऊ नका, पुढे चला.

५. रक्त तपासणी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर

इथे बायकांबद्दल मुद्दाम लिहितो. चाळिशी-पन्नाशीतली बाई, दम लागतो, नखं चमच्यासारखी खोलगट, तोंडाचे कोपरे चिरलेले, आणि काही वर्षांपासून घट्ट घास गळ्याशीच अडकतो. ती भाकरी आमटीत बुडवून खाते आणि कुणाला सांगत नाही. लोहाच्या कमतरतेने अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होतो, त्याचं हे चित्र. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोह भरून काढलं की अनेकींचं गिळणं सुधारतं, काहींना दुर्बिणीतून पडदा रुंद करावा लागतो. लोहाचं औषध चहाबरोबर घेऊ नये, चहा ते शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर चालतं. रक्त कमी का झालं, अंगावरून जास्त जातंय की मूळव्याध आहे, हेही शोधायला हवं.

या बायकांपैकी मिसरी लावणाऱ्या बऱ्याच असतात. मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे. पडदा आणि तंबाखू दोन्ही असतील तर घसा-अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, त्यामुळे रक्त वाढलं, गिळणं सुधारलं, तरी एकदा दुर्बीण करून घ्यावी.

टीएसएच नॉर्मल आलं म्हणून थायरॉईडची गाठ नाही असं होत नाही. आकार बघायला सोनोग्राफी लागते. हात कानांना लावून मिनिटभर वर धरल्यावर चेहरा लाल-निळा होत असेल तर गाठ छातीत उतरलेली असू शकते. हा प्रयोग डॉक्टरांसमोरच करा.

६. अडकलेला काटा किंवा फोड

नदीच्या माशाचा काटा टोचला की भाताचा गोळा, केळं गिळायला सांगतात. नका करू. काटा आणखी खोल रुततो. टॉन्सिलमधला काटा कान-नाक-घसा तज्ज्ञ चिमट्याने मिनिटात काढतात.

मटणाची फोड छातीत अडकली आणि थुंकीही गिळता येत नसेल तर त्याच रात्री रुग्णालय, सकाळची वाट बघू नये. बोटं घालून उलटी करू नका, सोडा पिऊन ढकलू नका. फोड आपोआप उतरली तरी दुर्बीण करायचीच, कारण धडधाकट नळीत चावलेली फोड सहसा अडकत नाही.

७. कान-नाक-घसा तज्ज्ञांची दुर्बीण

नाकातून बारीक नळी घालून स्वरयंत्र आणि घशाचा खालचा भाग बघतात. जागेपणी, काही मिनिटांत होते. आवाज बदललाय, एका बाजूचा कान दुखतोय पण कान स्वच्छ आहे, तंबाखू आहे, तर हीच आधी. कानाचं ते दुखणं घशातून आलेलं असू शकतं.

८. एंडोस्कोपी आणि त्यापुढचं

एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आतून बघणं. घास खरोखर अडकतो, तर वय कितीही असो, ही तपासणी लागते. सहा तास घट्ट काही खायचं नाही. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं चालू असतील तर तारीख घेतानाच विचारून घ्या. नळी वरून ठीक दिसली तरी तुकडा तपासायला घ्यायला सांगा, ॲलर्जीची सूज अनेकदा तुकड्यातच सापडते. अरुंद जागा रुंद करायचं कामही याच वाटेने होतं.

एंडोस्कोपी स्वच्छ आणि त्रास कायम, तर बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव) पाजून एक्स-रे आणि मॅनोमेट्री, म्हणजे नळीचा दाब मोजणं. अकॅलेशिया इथे पकडला जातो आणि त्यावर फुग्याने ताणणं किंवा झाकणाचा स्नायू कापणं हे चांगले उपाय आहेत.

खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आधी केसपेपर काढा. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

तारीख मिळेपर्यंत घरी

ठसका लागणाऱ्या माणसाला ताठ बसवून, हनुवटी थोडी छातीकडे झुकवून, छोटा चमचा द्या. तोंडातला घास संपल्याशिवाय दुसरा नाही. जेवताना टीव्ही आणि गप्पा बंद. सगळ्यात अवघड पातळ पाणी असतं, त्यापेक्षा दाट आंबील, मऊ भात, कुस्करलेली भाजी बरी जाते. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा, मग तोंड धुवून द्या, कारण तोंडातली घाण श्वासात गेली की न्यूमोनिया होतो. ताप आला, कफ पिवळा झाला किंवा दिवसभरात लघवी अगदी कमी झाली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.